थोडी टिकटिक राहू द्या

दिवाळी अंकासाठी तुमच्या कामाचं काहीतरी लिहा, असा निरोप आला तेव्हा मी गॅरेजच्या ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. मी म्हणलं, माझं काम हाताचं कमी आन कानाचं जास्त, ते कागदावर कसं यायचं? पण आमचे मालक म्हणाले, "लिही. तू बोलतीस तसंच लिही. तसं बी मला ऐकू येत न्हाई, वाचून तरी कळंल इतकी वर्षं काय बोलत होतीस ते." मंग बसले लिहायला. बोलण्याच्या नादात कुठं वाहवत गेले तर सांभाळून घ्या.

आमचं गॅरेज शहागडला, हायवेच्या कडेला, जालन्याकडून आलं की गोदावरीच्या पुलाच्या अलीकडं. पत्र्याचं शेड, समोर लिंबाचं झाड, झाडाला टांगलेला टायर. पाटी म्हणाल तर तो टायरच. मालक म्हणजे माझे मिस्टर, आमच्याकडं बायका नवऱ्याला तसंच म्हणतात. ड्रायव्हर लोक त्यांना वस्ताद म्हणतात आन मला मावशी. एक-दोघं मला चिडवायला वस्तादबाई पण म्हणायचे. चिडवता चिडवता कधी खरंच म्हणायला लागले ते त्यांना पण कळलं नाही.

मला हे काम शिकवायला कोणी बसलं नाही. मालकांचे कान लवकर गेले. तरुणपणापासून ट्रकच्या इंजिनात डोकं घालून काम, शेजारी घणाचे घाव, कान किती दिवस सहन करणार? एकदा मी दुपारचा डबा घेऊन आल्ते. मालक एका जीपवर वाकलेले, आन ड्रायव्हर सारखा म्हणून राह्यला, "वस्ताद, ऐका ना, आवाज येतोय." यांना काहीच ऐकू येईना. कबूल करायची सोय नाही, बहिऱ्या मेस्त्रीकडं गाडी कोण देईल? त्यांनी मला हाक मारली. हातात लांब स्क्रू ड्रायव्हर दिला आन हळूच म्हणाले, "टोक इंजिनाला टेकव, मूठ कानाला लाव. आवाज कुठं मोठा येतो तिथं फक्त नजर ठेव. बोलू नको." मी टेकवलं. कानात असा कारखाना उघडला म्हणता! आधी नुसता गोंधळ. मंग त्या गोंधळात एक टक टक वेगळी निघाली. मी तिथं बघितलं, मालकांनी तिथंच पाना लावला. ड्रायव्हरला वाटलं, वस्ताद बायकोला इंजिन दाखवून राह्यले, हौस आहे माणसाला.

तेव्हापासून माझा डबा रोज लवकर यायला लागला.

आता ती टक टक ज्याची होती ते टॅपेट म्हणजे काय, ते सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही, तेव्हा जरा दम धरा. इंजिन माणसासारखंच श्वास घेतं. त्याच्या प्रत्येक सिलिंडरला दोन दरवाजे असतात, एकातून हवा आत येते, दुसऱ्यातून धूर बाहेर जातो. या दरवाजांना व्हॉल्व्ह म्हणतात. वरून एक लोखंडी हात खाली येऊन व्हॉल्व्हला दाबतो, दरवाजा उघडतो. हात वर गेला की स्प्रिंगच्या जोरानं दरवाजा बंद होतो. त्या हाताला म्हणायचं रॉकर. रॉकर आन व्हॉल्व्ह यांच्यामधी पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट ठेवावी लागते. ती फट बराबर ठेवणं म्हणजे टॅपेट सेट करणं. फट मोजायला पत्र्याच्या पातळ पात्यांचा एक जुडगा मिळतो, त्याला आम्ही फिलर म्हणतो. पातं फटीत घालायचं, ते ना अडकलं पाहिजे ना सळसळ निघालं पाहिजे. तुपाच्या हातानं पोळी सरकवावी तसं सरकलं पाहिजे.

फट जास्त झाली तर रॉकर व्हॉल्व्हवर आपटतो, टकटक आवाज येतो. आन कमी झाली तर? तर काहीच आवाज येत नाही. तिथंच फसगत असते. इंजिन गरम झालं की लोखंड वाढतं. फट नसेल तर वाढलेलं लोखंड दरवाजाला पुरतं बंद होऊ देत नाही. दाब निसटतो, गाडीची ताकद जाते, आन तशीच दामटली तर दरवाजाची कड जळून जाते. म्हणून आमच्या धंद्यात गप इंजिनाची मला जास्त भीती वाटते.

पण हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार? लोकांना वाटतं, आवाज म्हणजे बिघाड. नवीन जालन्यातले एक बियाण्याचे व्यापारी त्यांची पांढरी गाडी घेऊन यायचे. फार सज्जन माणूस, पण कानाचा हळवा. "मावशी, टॅपेट वाजून राह्यले." मी स्क्रू ड्रायव्हर लावून बघायची, इंजिन बिचारं गुणाचं. असं दोन-तीनदा झालं. शेवटी मी म्हणलं, चला, मी बसते तुमच्यासंगं. फाट्यापर्यंत गेलो, आवाज आला, मी सीटखाली हात घातला आन त्यांच्या मंडळींचा स्टीलचा डबा काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. झाकण ढिलं होतं. ते इतकं हसले, की गाडी कडेला लावावी लागली. पुढं त्यांनी किती गिऱ्हाइकं पाठवली आमच्याकडं. लोक बरे असतात हो, आपण त्यांना चारचौघांत उघडं पाडलं नाही की झालं.

आता भानुदासच्या जीपची गोष्ट सांगते. लिहायला बसले ती खरं तर त्यासाठीच.

भानुदास नदीकाठच्या एका वाडीतला. चाळिशीचा असेल, अंगानं दणकट, बोलायला लाजाळू. त्याची जुनी काळी-पिवळी डिझेल जीप. वाडीत बस येत नाही, त्यामुळं वाडीतल्या सात-आठ पोरी त्याच्याच जीपमधी बसून घनसावंगीला कॉलेजला जायच्या. सगळ्या त्याला मामा म्हणायच्या. सकाळी घेऊन जायचा, संध्याकाळी आणून सोडायचा. मधल्या वेळात बाकीच्या फेऱ्या.

त्या जीपचं इंजिन पार थकलं होतं. धूर इतका, की मागच्या गाडीवाल्याला हा कुठं गेला ते दिसायचं नाही. दिवाळीच्या सुट्टीत त्यानं ते बांधायला काढलं. इंजिन बांधायचं म्हणजे पुरतं खोलायचं, धुवायचं, झिजलेलं बदलायचं, आन परत जोडायचं. तोवर मालकांची कंबर गेल्ती, त्यांना बोनेटवर वाकता येईना. ते शेजारी स्टुलावर बसायचे, मी खोलायची. सगळं इंजिन पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्या हातानं बांधायची ती पहिलीच वेळ. व्हॉल्व्ह जिथं टेकतात त्या बैठका घासून आणायचं काम जालन्याच्या हबीबभाईंच्या लेथवर केलं. हबीबभाईंचं काम म्हणजे डोळे झाकून घ्यावं असं.

जोडून चालू केलं तेव्हा बारीक, एकसारखी टिकटिक आली. मला बराबर पाहिजे तशी. मी मालकांकडं बघितलं. त्यांनी स्टुलावरून उठून टॅपेट कव्हरवर बोटं टेकवली, डोळे मिटले, आन मान हलवली. कानानं नाही तर बोटानं ऐकलं त्यांनी. मला एवढंच वाईट वाटतं, की मी बांधलेल्या इंजिनाचा आवाज त्यांच्या कानात कधी गेला नाही. पण त्या दिवशी त्यांनी मला काय काय दिलं, ते माझं मला माहीत.

नवं बांधलेलं इंजिन थोडं चाललं, की त्याचं हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेला वरचा भाग, परत आवळावं लागतं आन टॅपेट परत बघावे लागतात. सगळं आपापल्या जागी बसतं ना, घर बांधल्यावर बसतं तसं. भानुदासनं सांगितल्याप्रमाणं गाडी आणली, मी आवळलं, सेट केलं, पाठवून दिलं.

आन मंग संक्रांतीच्या सुमारास तक्रार सुरू झाली. तो आला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं. "मावशी, थंड असली की पळती. गरम झाली की मिसिंग मारती, ठोके चुकवती. काल संध्याकाळी नदीच्या चढावर बंदच पडली."

"पोरी होत्या?"

"हो ना. दोन्हीकडं ऊस. दिवस मावळून राह्यला. पोरी पायी गेल्या वाडीवर, मी बॅटरी घेऊन मागं. रंगनाथभाऊ फाट्यावर उभे होते."

रंगनाथ म्हणजे त्यातल्या एका पोरीचे, सोनालीचे वडील. वाडीत त्यांचा शब्द चालतो. वाईट माणूस नाही. उलट आपल्या पोरीला कॉलेजला पाठवणारा वाडीतला पहिला बाप तोच, त्याचं बघून बाकीच्यांनी पाठवल्या. पण पोरी अंधारात उसाच्या वाटेनं येताना बघून त्याच्या काळजाचं पाणी झालं होतं. तो म्हणाला होता, "भानुदास, गाडी बराबर होऊ दे. तोवर पोरी घरी." सोनालीची बारावीची परीक्षा तोंडावर आल्ती. आन आमच्याकडच्या बायकांना विचारा, चांगल्या घरची पोरगी चार दिवस घरी बसली की पाहुणे बघायला यायला लागतात. कोणी मुद्दाम बोलावत नाही, पण येतात. मंग कॉलेज राहूनच जातं. माझं सातवीनंतरचं तसंच राह्यलं.

मी लगेच हात घातला. चालू इंजिनावर एकेका सिलिंडरच्या नोझलला जाणारा डिझेलचा पाइप थोडा ढिला करून बघितलं. चांगल्या सिलिंडरचा पाइप ढिला केला की इंजिन अडखळतं, मेलेल्याचा केला तर काहीच फरक पडत नाही. तिसरा सिलिंडर गरमीत मेलेला, दुसरा अर्धमेला. इंजिन थंड होऊ दिलं, कव्हर काढलं आन फिलर घातला. फिलर जाईना. फट जवळजवळ संपलेली. मी म्हणलं, बसताना जरा जास्त बसलं असंल. परत सेट केलं. दूरवर फिरवून आणली. झकास.

रंगनाथला निरोप गेला. पोरी परत निघाल्या. आन परत तेच झालं. या वेळी नशिबानं गावाजवळ बंद पडली, पण पडली ती पडलीच. परत उघडलं तर फट गायब. टॅपेट सारखे आवळले जातात याचा एक अर्थ असा होतो, की व्हॉल्व्हच्या बैठका कच्च्या निघाल्या आन व्हॉल्व्ह आत खचत चाललेत. दरवाजा आत गेला की त्याची मागची दांडी वर येते, फट संपते. तसं असेल तर हेड उतरवायचं, जालन्याला न्यायचं, बैठका बदलायच्या, परत आणून जोडायचं. तोवर जीप उभी. परीक्षा जीपसाठी थांबणार नाही.

हबीबभाईंना फोन केला. एवढ्या वर्षांच्या ओळखीच्या माणसाच्या कामावर शंका घ्यायची म्हणजे अवघडच. ते म्हणाले, "मावशी, इतका काय विचार करता? शंका आली तर आली. हेड घेऊन या, तुमचं काम मी सबसे पहले हातात घेतो. फक्त उतरवायच्या आधी एकदा बिलकुल खात्री करा, लेकरांचं नुकसान नको."

फोन ठेवला. मालक स्टुलावर बसून माझ्या ओठांकडं बघत होते, ते तसंच ऐकतात. म्हणाले, "किती टॅपेट आवळलेत?"

मी म्हणलं, "आठ."

"आठच्या आठ? एकसारखे?"

"जवळपास."

"मंग दारांच्या चौकटी कशाला खचल्या म्हणतीस? खचायची तर एखादी खचंल, दोन खचतील. आठ दारं एका दमात एकसारखी खचतात व्हय?"

मी खाली बसले. बोलणं बराबर होतं. लोखंड असं ठरवून वागत नाही, माणूस वागतो. पण कोण? आन कशाला? स्टँडवरच्या दुसऱ्या ड्रायव्हरनं खोडी केली म्हणावं, तर भानुदासचं कोणाशी वाकडं नाही. विचारलं तर तो शपथेवर म्हणाला, "माझ्या गाडीला माझ्याशिवाय कोणी हात लावत न्हाई, मावशी." आता बघा, खरं तेच बोलला, मलाच कळलं नाही.

त्या दिवशी सोनाली पण त्याच्यासंगं आल्ती, शहागडला झेरॉक्स काढायला. ओट्यावर पुस्तक घेऊन बसली होती. तिच्या नखांना लाल रंग होता. मी भानुदासला चहा सांगायला पाठवलं, त्याला मुद्दामच पाठवलं असं नाही, पण गेला ते बरं झालं. सोनालीला विचारलं, "बाळा, ती नखं रंगवायची बाटली हाय का संगं?"

"हाय ना. कशाला?"

मी सगळे टॅपेट सेट केले, फटीचे स्क्रू जागेवर धरणारे लॉकनट आवळले, आन प्रत्येक नटावर आन त्याच्या स्क्रूवर मिळून एकेक लाल टिपका दिला. वाळला की दोन्ही एकमेकांना चिकटतात. नट हलला तर टिपका तडकणारच.

"मावशी, इंजिनाला नेलपॉलिश!" सोनाली तोंडावर हात ठेवून हसायला लागली.

"सणासुदीचं नटवलं. पण कोणाला सांगायचं न्हाई, मामाला बी न्हाई."

"का?"

"पेपर फुटू नये म्हणून सांगून राह्यले. परीक्षा हाय तिची."

टिपके वाळले, कव्हर लावलं, चहा आला. भानुदासला म्हणलं, दोन दिवस तुझ्या बाकीच्या फेऱ्या कर, पोरींना नेऊ नको, आन गाडी रविवारी दाखव.

रविवारी सकाळी आला. "परत तेच, मावशी. दम न्हाई."

मी इंजिन थंड होऊ दिलं आन कव्हर काढलं. आठही टिपके तडकलेले. काहींचे तुकडे पडलेले. नुसतं म्हणलं, "भानुदास, माझा पाना कुठं गेला बघ बरं. सापडंना. तुझा दे जरा."

त्यानं जीपमधून पाना काढून दिला. पान्याच्या तोंडाला लाल रंग लागलेला. मी तो पाना त्याच्यापुढं धरला. "तुझा पाना कधीपासून नखं रंगवायला लागला रे?"

माणूस इतका ओशाळला, की लिंबाच्या झाडाकडं बघत उभा राह्यला. मालकांना ऐकू आलं नव्हतं, पण त्यांनी पाना बघितला आन समजले.

"बोल की," मी म्हणलं.

"मावशी, रागवू नका," तो म्हणाला. "स्टँडवर लोकं लई बोलून राह्यले. म्हणे, काय भानुदास, इंजिनात पैंजण घातले का? एक जण म्हणे, बाईनं बांधलंय ना, आत बांगड्या वाजून राह्यल्या. रोज तेच. माझी चेष्टा केली तर मी ऐकून घेतो. पण तुमचं नाव घ्यायचे."

"मंग?"

"मंग मी म्हणलं, टिकटिक तर घालवता येती. तुम्ही सेट केलं की मी दर वेळी थोडं थोडं आवळलं, त्याच्यानंच बंद पडती हे कुठं ठाऊक. आवाज गेला बिलकुल. स्टँडवर सगळे चूप. म्हणलं, आता मावशीच्या इंजिनाला कोणी नाव ठेवणार न्हाई."

"आन तुम्हाला सांगितलं असतं तर वाईट वाटलं असतं," असं पण म्हणाला.

मला रागवायचं होतं, खरंच. त्या आवळण्यापायी पोरी अंधारात चालल्या, मी एका भल्या माणसाच्या लेथवर शंका घेतली. पण इतकी वर्षं लोकांची यंत्रं दुरुस्त केली, माझ्या नावासाठी कोणी चोरून पाना हातात घेईल असं मला स्वप्नात पण वाटलं नव्हतं. तेवढ्यात मालक मोठ्यानं म्हणाले, "काय म्हणतोय त्यो?" मी त्यांच्याकडं वळून, ओठ नीट हलवून सांगितलं. ते पोट धरून हसले. "अरं येड्या," ते भानुदासला म्हणाले, "मी बहिरा हाय म्हणून मला टिकटिक ऐकू येत न्हाई. तुला येती तर तू ती मारायला निघालास!"

मंग मी त्याला जवळ बसवलं. फिलर त्याच्या हातात दिला आन एकेक टॅपेट त्याच्याकडूनच सेट करून घेतला. पातं सरकताना हाताला काय लागतं, ते त्याच्या बोटांना कळू दिलं. इंजिन चालू केलं, स्क्रू ड्रायव्हर त्याच्या कानाला लावला. "ऐक. ही फटीची टिकटिक. गरम झाल्यावर लोखंडाला हातपाय पसरायला ही जागा लागती. ती तू बंद केलीस, तर त्याचा जीव घुसमटतो. कोणी काही म्हणलं तर सांग, मावशीनं मुद्दाम ठेवलीय."

हे झालं, पण माझ्या मनातली धाकधूक गेली नव्हती. आवळलेल्या टॅपेटवर जीप बऱ्यापैकी पळाली होती. व्हॉल्व्हची कड जळाली असेल तर आता कितीही बराबर सेट केलं तरी उपयोग नाही, हेड उतरवावंच लागणार. आन ते कळायला एकच मार्ग, इंजिन पुरतं गरम करायचं, गाडीत पुरतं वजन भरायचं, आन नदीच्या त्याच चढावर घालायची.

दुपारून मी आन भानुदास जीप घेऊन वाडीवर गेलो. रंगनाथ पारावर बसलेले. मी उतरले, नमस्कार केला, आन खरं ते सांगितलं. कोणी आवळलं, ते नाही सांगितलं. टॅपेट आवळले गेल्ते, आता सोडलेत, एवढंच. "भाऊ, गाडीत वजन पाहिजे, चढावर बघायचंय. पास झाली तर ठीक. नापास झाली तर मी स्वतः सांगते, पोरींना बसवू नका."

"वजन कशाचं घ्यायचं? सिमेंटच्या गोण्या हायेत एकाकडं," रंगनाथ म्हणाले.

तेवढ्यात सोनाली घरातून बाहेर आली, मागं बाकीच्या. "गोण्या कशाला? आम्ही बसतो ना. रोज आमचंच तर वजन असतं."

रंगनाथनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मंग ते स्वतः पुढच्या सीटवर चढून बसले. मी मधी, इंजिनाच्या जवळ. सगळ्या पोरी मागं दाटीवाटीनं. भानुदासचे हात स्टेअरिंगवर घट्ट.

आधी घनसावंगीच्या रस्त्यानं लांब जाऊन आलो, इंजिन पुरतं तापू दिलं. पोरी एरवी चिमण्यांसारख्या, आज इंजिनाकडं कान देऊन बसलेल्या. मंग नदीकडं उतरलो आन भानुदासनं गाडी वळवून चढाला लावली.

गिअर खाली टाकला. जीप ओढायला लागली. उसाच्या दोन भिंतींमधून रस्ता वर जातो, मधी एक वळण आहे, तिथंच ती बंद पडायची. मी डोळे मिटले. माझे कान तिसऱ्या सिलिंडरवर. इंजिनाचा सूर भरलेला, एकही ठोका चुकत नव्हता. आन त्याच्या वरून ती बारीक टिकटिक, एकसारखी.

रंगनाथ एकदम म्हणाले, "आवाज येतोय की."

भानुदासचा पाय दचकला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून सोनाली वडलांना ओरडून म्हणाली, "येऊ द्या ओ दादा! मावशीनं मुद्दाम ठेवलाय तो. बंद झाला तर भ्यायचं!"

तिला हे कोणी सांगितलं? मी तर सांगितलं नव्हतं. भानुदासनं मान खाली घातली, कान लाल झाले त्याचे. पोरी जीपमधी चढत होत्या तेवढ्यात मामांनी भाच्यांना सगळा धडा सांगून टाकला होता.

वळण आलं. वळण गेलं. जीप वर चढली तशीच, दम न टाकता, आन सपाटीला लागली. मागं पोरींनी टाळ्या वाजवल्या. मी डोळे उघडले तेव्हा समोर उघडं रान आन वाडीचा पार दिसत होता. हेड उतरवायची गरज नव्हती. त्या जुन्या व्हॉल्व्हांनी एवढं आवळून घेऊन पण कड जळू दिली नव्हती. मी मनातल्या मनात हबीबभाईंना हात जोडले. संध्याकाळी फोन करून खरंच माफी मागितली, तर म्हणाले, "मावशी, माझ्या कामावर शंका घेतली म्हणून वाईट वाटलं न्हाई. खात्री केल्याशिवाय हेड उतरवलं न्हाई, याचं बरं वाटलं."

आता टॅपेटचं काम कमी होत चाललंय. नव्या गाड्यांमधी ते आपलं आपण जुळतं म्हणतात. चांगलं आहे, माणसाचे कष्ट वाचतात. मला थोडं चुकल्यासारखं होतं, एवढंच. ज्यांचे आवाज मला ओळखू यायचे ती इंजिनं एकेक करून भंगारात गेली. पण जी माणसं त्यांनी मला दिली ती आहेत. कोणी जाता जाता हॉर्न मारतं, कोणी उतरून मालकांच्या शेजारी बसतं, ओठ हलवून गप्पा मारतं.

तर त्या दिवशी जीप पारापाशी थांबली. पोरी उतरल्या. रंगनाथ मात्र उतरले नाहीत, तसेच बसून राह्यले. भानुदासनं इंजिन बंद करायला हात पुढं केला, तर त्यांनी त्याचा हात धरला.

"राहू दे चालू," म्हणाले. थोडं ऐकलं. मंग विचारलं, "उद्या किती वाजता निघतोस?"

"रोजच्याच टायमाला, भाऊ."

"हॉर्न मारत जाऊ नको आता. आमच्या घरच्या म्हातारीची झोपमोड होती. ही टिकटिक घरापस्तोर येती ऐकू. तिच्यावर पाठवतो पोरीला."